निवेदिता मॅडमचं डोकं

शालू : अन् लॅपटॉपमधल्या ह्या डोक्यावर हा लाल डाग कुठं हाय, गालावर का कानापाशी?

सुयश : कानाच्या वर. फोन तिथं धरला की कातडी, हाड, मेंदू, कोण किती किरणं शोषतं ते कॉम्प्युटर काढतो. खरा फोन नाही, खरं माणूस नाही.

शालू : डोकं तर खरं हाय ना. निवेदिता मॅडमचं.

सुयश : आमच्या विभागातल्याच आहेत, त्यांच्या एमआरआयवरून बनवलंय. माझी पीएचडी आहे, मापं खरी लागतात.

शालू : पाच म्हैने एकाच बाईचं डोकं फिरवून राह्यलात. कानाची पाळीबी मोजली?

सुयश : मिलिमीटरमध्ये. फोननं ती दबते ना, मग अंतर बदलतं.

शालू : अस्सं. अन् लग्नाला नऊ वर्षं झालेल्या बायकोच्या कोणत्या कानात बाळी न्हाई, सांगा बरं. वळून बघायचं न्हाई.

सुयश : ...उजव्या?

शालू : दोन्हीत हायेत.

सुयश : अगं, मॅडमना नात आहे!

शालू : नात असून एवढं निळंशार डोकं? माझं तर सकाळपासून भणभणून राह्यलंय.

सुयश : निळं म्हणजे तिथं कमी शोषलंय, एवढंच.

शालू : अन् दुसरं डोकं कोणाचं? तुम्हीच गाईडला फोनवर सांगत होता, दोन पाहिजेत म्हणून.

सुयश : स्वराचं. मॅडमची बहीण.

शालू : एकाच घरातली दोन! आपल्या घरात डोकं न्हाई का?

सुयश : तसं नाही गं. एमआरआय लागतो. तुझा कुठून आणू?

शालू : कपाटात हाय. साड्यांखाली. सीडीसकट.

सुयश : तुझा? कधी काढला?

शालू : मागच्या उन्हाळ्यात. घनसावंगीला माहेरी गेल्ते, तिथं डोकं उठलं. सोमेश्वरदादानं जीपमधून जालन्याला आणल्तं. तुम्हाला फोन केल्ता. म्हणलात, मॅडमसोबत बसलोय, जल्दी बोल.

सुयश : ...काय निघालं?

शालू : काहीच न्हाई. डॉक्टर म्हणले, सगळं बराबर हाय.

(सुयश लॅपटॉप मिटायला जातो.)

शालू : राहू द्या, मिटू नका. ह्याच्यात दुखतं कुठं, ते दिसतं का?

सुयश : नाही. आत किती शोषलं गेलं, तेवढंच दिसतं.

शालू : मंग माझं घ्या. लई निघंल.