लाडवांचा कार्बन

लाडवांवरून आठवलं. शाळेत विज्ञान शिकवते ना मी, तर एका रविवारी दुसऱ्या दिवशीच्या वर्गासाठी परातीत कार्बनचा अणू मांडला होता. मधोमध सहा बेसनाचे लाडू म्हणजे प्रोटॉन, सहा रव्याचे म्हणजे न्यूट्रॉन, आणि काठाने सहा फुटाणे, ते इलेक्ट्रॉन. वरून झाकण ठेवलं अन् अधारतालच्या बाजारात भाजी आणायला गेले.

परत येऊन पाहते तर नागपूरहून यांचे मामा सहकुटुंब हजर, आणि सासूबाई तीच परात फिरवून आग्रह करून राहिल्या, "घे ना दादा, अजून एक!"

मी ओरडलेच, "आई, तो कार्बन होता!"

"अगं बाई! मला वाटलं, पाहुण्यांसाठीच केले तू."

परातीत एक बेसनाचा लाडू आणि एक फुटाणा उरला होता. मामा घाईघाईने म्हणाले, "शेवटचा कोणी उचलला नाही हं, सूनबाई. आपली रीत आहे ती."

मला हसू फुटलं. "चलो, एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. तुमच्या रीतीनं हायड्रोजन तयार झाला. उद्या तोच शिकवते."

पण सासूबाईंना तो एकटा लाडू बघवेना. त्यांनी डब्यातून एक रव्याचा आणून शेजारी ठेवला. "काहून गं, आता बिघडला का तुझा हायड्रोजन?"

"नाही आई. न्यूट्रॉन आला की नुसता जड होतो. राहतो हायड्रोजनच."

मामांनी पोटावरून हात फिरवला. "अच्छा! म्हणजे माझंही तेच झालं. जड झालो, पण राहिलो मामाच!"