एडुकुंट्याचा अर्थ

—छे छे, अशी कशी उठतेस? चहा उकळलाय, आता घेऊनच जा. बस काय, एक गेली की दुसरी येते. इकडे बैस, आतल्या बाजूला, बाहेर ऊन लागतं. हां. तर काय विचारत होतीस? गावाचं नाव. अगं पोरी, त्यात विचारण्यासारखं काय आहे? एडुकुंटा. एडु म्हणजे सात, कुंटा म्हणजे तळं — सात तळ्यांचं गाव, झालं. गढीवाल्या मालकांच्या पणजोबांना सात मुली होत्या, एकेकीच्या नावानं त्यांनी एकेक तळं खणलं. वेशीवर नवी कमान उभी राहतेय ना, तिच्यावर तसं कोरणार आहेत, दगडात. मग लिही की तुझ्या कोशात. गावोगावची नावं गोळा करत हैदराबादहून एवढ्या लांब आलीस, एक नाव मिळालं.

काय? बाकीची सहा कुठं गेली? — बुजली असतील. तळी बुजतात. मला काय माहीत, मी लग्न होऊन आलेली. आल्यापासून एकच बघतेय, ते समोरचं, पत्रे ठोकलेत ते. पत्रे होय — तळं खोल करायचं काम चाललं होतं, परवा जेसीबीला खाली काहीतरी लागलं आणि मालकांनी काम बंद करून चारी बाजूंनी पत्रे मारले, दोन माणसं राखणीला बसवली. काय लागलं? दगड असेल. मी चहा विकते बाई, मला काय विचारतेस. — साखर जास्त नाही ना झाली?

तू काही पहिली नाहीस विचारणारी. इथल्या शाळेत ओदेलू मास्तर म्हणून होते, त्यांना वेडच शब्दांचं. भाजी घ्यायला जायचे आणि वांग्याचं नाव कुठून आलं यावर भाजीवालीशी तासभर बोलत बसायचे. बतुकम्माचा सण आला की मला म्हणायचे, पोशव्वा, नावातच बघ — बतुकु म्हणजे जगणं, जग गं आई, असं म्हणत तुम्ही बाया फुलं पाण्यात सोडता, मग गावात तळं असताना ती फुलं डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी का तंगडतोड करता? मी म्हटलं, सासू जायची म्हणून मी जाते. तर गेले की सासूपाशी. म्हातारी इथंच बसली होती, विड्या वळत. मान खाली, हात चालू — हात थांबले नाहीत हं तिचे — आणि म्हणाली, सात नाही रे बाबा. एडुपु. रडणं. रडण्याचं तळं आहे ते, मधला 'पु' तेवढा कुणीतरी गिळला. पेरणीचे दिवस होते म्हणाली, माणसांनी गढीवर वेठीला जायचं बंद केलं — आमची शेतं कोण पेरणार, म्हणाले — तर तेव्हाच्या मालकांनी एका सकाळी सगळ्यांना धरून आणून तळ्यात उतरवलं, गाळ काढायला म्हणून, आणि वरच्या अंगाला पाणी अडवलेलं होतं ते सोडलं. बाया काठावर. त्यांनी करायचं काय? रडल्या. किती माणसं होती ते नाही सांगितलं तिनं. तिचा बाप होता, एवढंच म्हणाली, आणि पुढची विडी घेतली.

अगं, तो फोन खाली ठेव. बोललेलं धरून ठेवतो ना तो? बंद कर. मी तुला सात सांगितलंय, सातच.

मास्तर? मास्तर आता कुठले. गेले. तळ्यात सापडले. ऐन उन्हाळा, पाणी गुडघ्याएवढं — पाय घसरला म्हणाले. पोलीस आले, त्यांनीही पाय घसरलाच लिहिलं. घसरतो गं पाय, शेवाळ असतं. उन्हाळ्यात नसतं, पण असेल. त्याच दुपारी मालकांनी त्यांना बोलायला बोलावलं होतं म्हणे, शब्दांविषयीच, कमानीवर काय लिहायचं ते ठरवायला. नवा शर्ट घालून गेले होते. इथूनच गेले.

तू चहा का नाही पीत? पी. गढीवर जाऊन विचारलंस ना तू सकाळी, ते कळलंय मला. कसं म्हणजे — आमचा सम्मय्या, माझा मुलगा, मालकांच्या गाडीवर असतो. चांगलं बघतात त्याला, राहायला खोली दिलीय, बायकोच्या बाळंतपणाला गाडी दिली. त्याचाच फोन आला, तू यायच्या थोडं आधी. म्हणाला, पाहुणी तुझ्याकडं येईल, तिला चहा पाज, गप्पा मार, बसवून ठेव. आम्ही येतोच, मालकांना बोलायचंय तिच्याशी. एवढंच. मी म्हटलं, बरं. नुसतं बोलायचंय — माझाच पोरगा तो, तो कशाला खोटं —

अशी काय बघतेस माझ्याकडं? मी चहा दिला, गप्पा मारल्या. मला सांगितलं तेवढं —

थांब. बोलू नकोस. कमानीपाशी धूळ उडतेय बघ. नाही, बसची नाही. बसवाला असा दबकत गाडी आणत नाही. — ऊठ. ऊठ गं, पिशवी घे! मागचं दार आहे, कडी वरची काढ, खालची मोडलीय. कपाशीतून वाकून जा, पुढं कालवा लागेल, कालव्याच्या कडेनं डांबरी रस्त्यापर्यंत जा आणि जी गाडी मिळेल तिच्यात बस. ट्रक असला तरी. गाव विचारलं तर आमचं नाव घेऊ नकोस. पैसे कसले देतेस, ठेव ते! आणि पोरी, परत इकडं — जा म्हणते ना! जा!

...

ये रे सम्मय्या. अगंबाई, मालकही? या ना, या, बसा, बाक पुसून देते.

कोण पाहुणी?