फोनला लाज वाटली

मंडळी, आजच्या कीर्तनात एकच प्रश्न विचारते. देवानंच घडवलेल्या अवयवाचं नाव घेतलं, तर तोंड विटाळतं का? – नका, लगेच माना नका हलवू! आधी ऐका.

बोरखडी नावाचं गाव. तिथली आशाताई रत्नप्रभा. घरोघरी फिरायचं, बाळंतिणी बघायच्या, लसी, गोळ्या – हे तिचं काम. शिक्षण सातवी. जिभेनं तिखट, पण लिहायचं म्हटलं की घाम! एकदा बायकांच्या ग्रुपवर तिनं निरोप टाकला, तर शाळेतल्या गुरुजींच्या बायकोनं सगळ्यांसमोर चुका काढल्या. तेव्हापासून लिहिणं तिनं फोनवर सोपवलं. फोनमध्ये तो मदतनीस असतो ना? आपण बोलायचं, त्यानं शुद्ध मराठीत लिहायचं. ही पोरं बघा कशी हसतायत – यांचे निबंध तोच लिहितो!

तर गुरुवारी गावात तपासणीची गाडी यायची होती. रत्नप्रभा फोनला म्हणाली, "लिही बाबा – बायांनो, स्तनात गाठ लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल, तर शाळेत तपासणीला या."

फोन काय म्हणाला? "क्षमस्व. हा मजकूर अयोग्य आहे."

रत्नप्रभाचे कान तापले. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून तिनं फोन पालथा घातला! अहो, जे यंत्र कधी कुणाच्या अंगावर प्यायलं नाही, त्याला त्या शब्दाची लाज!

तिनं 'स्तन' काढून 'छाती' घातलं. क्षमस्व. रक्त काढलं. तरी क्षमस्व! शेवटी वैतागली – "बायकांच्या तब्येतीचं काहीतरी चांगलं लिही, मेल्या!"

आला की हो मजकूर झरझर! "समस्त भगिनींनी महिला आरोग्याच्या मंगल उपक्रमास सहर्ष उपस्थित राहून शोभा वाढवावी." वर कलशाचं चित्र! रत्नप्रभाला जरा खटकलं. पण एक चूक नव्हती त्यात. गुरुजींची बायको आता काय बोलेल? – खाली 'गुरुवारी, शाळेत' एवढं जोडून दिला पाठवून.

गुरुवारी बाया आल्या. नथी घालून आल्या, गजरे माळून आल्या! डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना तपासलं. काळजीचं काही निघालं नाही.

रत्नप्रभा घरी परतली, तर थोरली जाऊ गोजराबाई अंगणात तांदूळ निवडत बसलेली.

"बाई, तुम्ही आला नाहीत?"

"मी? मंगल कार्यक्रमाला?" गोजराबाई हसली. "यांना जाऊन दोन वर्षं झाली गं. विधवा बाईनं हळदीकुंकवात कशाला जायचं? तुम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं. कलश बघितला नि फोन ठेवून दिला."

"हळदीकुंकू नव्हतं हो! तपासणी होती."

"कसली?"

आता बघा. इथं फोन नाही, क्षमस्व म्हणणारं कुणी नाही. तरी रत्नप्रभाच्या तोंडून तो शब्द निघेना! ओट्यावर सासरे बसलेले ना! तिनं पदर खोचला.

"स्तनाची! गाठबीठ आहे का ते बघायची!"

सासऱ्यांनी खाकरून तोंड फिरवलं. गोजराबाईचा हात सुपातच थांबला.

"दिवाळीपासून आहे, रत्ना," ती हळूच म्हणाली. "दुखत नाही, म्हणून बोलले नाही. आणि बोलायचं तरी कुणाला?"

रत्नप्रभानं तिला दंडाला धरून उठवलं आणि धावत सुटली. गाडी शाळेच्या फाटकातून बाहेर वळत होती. ती सरळ आडवी उभी राहिली – "थांबा! एक बाई राहिलीय!"

मंडळी, ऑपरेशन झालं. औषधं चालू आहेत. "आणखी उशीर झाला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पुढचं मी सांगत नाही, कारण पुढचं अजून घडतंय.

फोनला दोष द्यायचा? द्या की! घाण अडवायला बसवलेला पहारेकरी. त्यानं वैद्यालाच चोर समजून हाकललं. ज्यांनी बसवला त्यांनी त्याला शहाणं करावं. पण भरल्या घरात एका बाईला दिवाळीपासून बोलायला माणूस मिळालं नाही – ते काय फोननं केलं?

मघाशी मी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला. या बाजूला पुरुषमंडळी एकदम मृदंगाकडे बघायला लागली, त्या बाजूला पदर सारखे झाले. बघितलं हो मी! राग नाही. पण आज घरी जा. आई असेल, बायको असेल, कोपऱ्यात बसणारी वहिनी असेल – तिला त्या अवयवाचं नीट नाव घेऊन विचारा, काही त्रास आहे का. आणि मग त्याच तोंडानं देवाचं नाव घ्या.