चार वाट्यांची बॅटरी

सरला : हसू नका. एवढंच मागतेय.

अविनाश : मी कुठे हसतोय? ताट मांडलंय, चार वाट्यांत व्हिनेगर, प्रत्येकीत एक खिळा आणि एक तांब्याची पट्टी. वर मधोमध मीठसुद्धा वाढलंयस. मला वाटलं, जेवायला काहीतरी नवीन आहे.

सरला : खिळे जस्ताचा मुलामा दिलेले आहेत. त्या हार्डवेअरवाल्याला तीनदा सांगावं लागलं. म्हणाला, आंटीजी, कील तो कील होती है.

अविनाश : सही बोला.

सरला : इलेक्ट्रिकल इंजिनिअर असून त्याच्या बाजूने?

अविनाश : रिटायर्ड. अच्छा, दिवा कुठेय?

सरला : हा काय, मण्याएवढा एलईडी. लागत नाहीये. साडेपाचला क्लब हाउसमध्ये अठरा मुलं येणार. सेक्रेटरी हरीशजींनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, ‘सरला मॅडम घरगुती सामानातून बॅटरी बनवून दाखवतील.’ बत्तीस वर्षांनी मला कुणी मॅडम म्हणालं, आणि हा दिवा असा बसलाय.

अविनाश : टेबलाखालून हळूच प्लगची वायर आणू?

सरला : खबरदार. मुलांना पहिला नियम तोच सांगणार आहे, भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही. दुसरा, बाथरूम साफ करायचं काहीही यात मिसळायचं नाही. तिसरा, यातलं काही चाखायचं नाही.

अविनाश : तिसरा माझ्यासाठी आहे का?

सरला : मघाशी बोट बुडवत होतात, पाहिलंय मी.

अविनाश : सॉरी, मॅडम. दिव्याचे पाय उलटे लागले असतील.

सरला : दोन्हीकडून लावून पाहिले.

अविनाश : या वाटीतल्या पट्टीपासून पुढच्या वाटीतल्या खिळ्याला वायर, पुढेही तसंच. जोडणी बिल्कुल ठीक आहे. मला तरी काही चूक दिसत नाही. असं करू, हरीशजींना फोन करतो. पुढच्या रविवारी ठेवू.

सरला : नको. नागपूरची शाळा सोडताना तुम्ही म्हणाला होतात, दिल्लीत गेल्यावर बघू. मग तुमच्या बदल्या, मग यशोधनची दहावी. मला आजच शिकवायचंय.

अविनाश : बरं. नाही करत फोन.

सरला : थांबा. हे ताट.

अविनाश : ताटाचं काय?

सरला : ताट स्टीलचं, वाट्या स्टीलच्या. खिळा वाटीला टेकलाय, पट्टीही टेकलीये. वीज दिव्यापर्यंत जाईल कशाला? तिला खालच्या खाली रस्ता मिळतोय.

अविनाश : अरे यार. इतका साधा शॉर्ट, आणि मला दिसला नाही?

सरला : कसा दिसेल? इतकी वर्षं असंच ताट तुमच्यासमोर येतंय. आणि माझा हातही बघा, बॅटरी मांडायला गेला आणि जेवण वाढून आला.

अविनाश : मग आता?

सरला : वरच्या फळीवरचे कान तुटलेले कप काढा. टाकून दे, टाकून दे म्हणून माझ्या मागे लागला होतात ते.

अविनाश : चारच आहेत. एकाला कान आहे.

सरला : चालेल.

(वाट्यांतलं व्हिनेगर कपांत जातं, तारा पुन्हा जोडल्या जातात.)

अविनाश : पडदा ओढतो, म्हणजे नीट दिसेल. लागला, सरला. लाल. फार नाही, पण लागलाय.

सरला : मुलांना पुरेल.

अविनाश : तुला ती नोकरी सोडायला लावायला नको होती मी.

सरला : हेही आत्ता दिसलं?

अविनाश : हो. उशिराच दिसलं.

सरला : दिसलं ना. चलो, कप उचला. सांडू नका, आणि हे कप आता परत चहाला नाहीत.

अविनाश : मी बसू तिथे? शेवटच्या रांगेत.

सरला : बसा. पण उत्तरं सांगायची नाहीत.

अविनाश : आणि मुलांनी विचारलं, मॅडम, पहिल्यांदा लागला होता का?

सरला : खरं तेच सांगेन. हे ताटसुद्धा घेऊन चाललेय दाखवायला.

अविनाश : मग रात्री जेवायचं कशात?

सरला : पोळ्या झाल्यात, भाजी झालीये. दुसरी ताटं कपाटात खाली आहेत. मी शिकवून दमून येईन, आज तुम्ही वाढा.