मागे बसलेल्या बाईची चौकट

संघप्रिया : दादा, परत तेच! बघ ना, स्कूटरवरच्या बाईचे गुडघे सरळ भिंतीत घुसले आणि गेम चालूच. उद्या वर्गात दाखवायचाय मला हा.

संघर्ष : मग दाखव ना. स्कूटर भिंतीला लागली का? नाही लागली. मग गेम ओव्हर कसा होईल?

संघप्रिया : मागच्या बाईला चौकटच दिली नाहीस तू! स्कूटरभोवती हा हिरवा चौकोन आहे, तो भिंतीला टेकला की धडक. तिच्याभोवती काहीच नाही.

संघर्ष : गरजच नाही. ती स्कूटरला जोडलीय. स्कूटर वळली की ती वळते, थांबली की थांबते. स्कूटर गल्लीतून निघाली म्हणजे ती पण निघाली. ऑफिसात दिवसभर हेच करतोय मी, मला शिकवू नकोस.

संघप्रिया : अरे, ती साडीत आहे. एका बाजूला पाय सोडून बसलीय. गुडघे हँडलच्याही बाहेर येतात तिचे.

संघर्ष : मग तिला ड्रेस घाल आणि सरळ बसव. विषय खल्लास.

संघप्रिया : आईलाही हेच सांगणार होतास का?

संघर्ष : आईचं काय मध्येच?

संघप्रिया : मध्येच कसं? लवूदादाचा साखरपुडा, पाली गावातली ती अरुंद गल्ली, आईची नवी साडी. हँडल भिंतीला न लागता निघालं म्हणजे सगळं निघालं, असंच वाटलं होतं ना तुला? गुडघ्याची वाटी फुटली तिची!

संघर्ष : तोंड सांभाळून बोल. किती वेळा सांगू? समोरून बाइक आली, आई घाबरून हलली, माझा बॅलन्स गेला.

संघप्रिया : बॅलन्स गेला असता तर स्कूटर पडली असती. स्कूटरला साधा ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी तूच पुसत बसला होतास!

संघर्ष : म्हणजे मुद्दाम केलं मी? हॉस्पिटलात तिच्या उशाशी कोण बसलं होतं गं? तू?

संघप्रिया : तूच बसलास. आणि येईल त्याला तिथेच सांगितलंस, आई स्वस्थ बसत नाही म्हणून. वासंतीमावशी अजून चारचौघांत हसते, वैजयंता गाडीवर फुगडी घालते म्हणे! विहारात जायचं तरी आता आई रिक्षा बघते. मी स्कूटर काढली तर म्हणते, नको बाई, मी हलते. लाज कशी वाटत नाही रे तुला?

संघर्ष : आई, हिला गप्प कर हं! नाहीतर मी हा लॅपटॉप बंद करून टाकेन. करू दे तिचं तिला.

(आई, म्हणजे वैजयंता, काठी टेकत आतून येते.)

वैजयंता : काय लावलंय रे? अख्खी बिल्डिंग ऐकतेय. हलले असेन मी. मला काय कळतं गाडीतलं?

संघप्रिया : ऐकलंस? ऐकलंस ना?

संघर्ष : आई, असं नको ना बोलूस.

वैजयंता : तूच म्हणालास ना! मी तर एका हाताने पदर आवळला होता, दुसऱ्याने मागची दांडी धरली होती. पण पोरगा म्हणतोय म्हणजे हलले असेन.

संघर्ष : आण तो लॅपटॉप इकडे. आई, तसं बसलीस की गुडघे किती बाहेर येतात?

वैजयंता : वीतभर तरी येतात. का रे?

संघर्ष : चौकट टाकतोय. तिची वेगळी. हं, प्रिया, चालव आता.

संघप्रिया : तीच गल्ली, तेच वळण... लागली. गेम ओव्हर.

संघर्ष : बाई हलली?

संघप्रिया : जागची नाही हलली.

वैजयंता : आणि मी?

संघर्ष : तूही नव्हतीस हलली. समोरून बाइकही नव्हती. मला वाटलं, गाडी निघेल.

वैजयंता : एवढे महिने मी स्वतःलाच बोल लावतेय, आणि तू नुसता बघत होतास? माझ्यासमोर जेवत होतास, संघर्ष!

संघर्ष : आई, चुकलं...

वैजयंता : ते नंतर. आधी वासंतीला फोन लाव. स्पीकरवर ठेव, मला ऐकू दे.

संघर्ष : हॅलो, मावशी? संघर्ष बोलतोय. हो, जेवलो. मावशी, ऐक ना... आई हलली नव्हती.