मास्तर भिंतीकडे तोंड का करतात

नाव: पूर्ण नाव वरच्या रकान्यात लिहून घेतलं आहे, गल्लीत शिवणवाल्या मावशी म्हणतात. वय: पन्नाशीला टेकले. धंदा: बायकांचे कपडे शिवायचं दुकान. शिक्षण: चौथी, तीही अर्धी. राहणार: बाजारामागची गल्ली, खाली दुकान, वर घर.

मी समक्ष ठाण्यात येऊन जबाब देते की, माझ्या दुकानात कापड बेतायला एक मास्तर आहेत. ते शेजारच्या देशातून आले आहेत. त्यांचे कागद आहेत, ते तुमच्याच टेबलावर पडले आहेत. त्यांनी बेतलेल्या बाहीची एकाही गिऱ्हाइकाने आजवर तक्रार केलेली नाही.

आज दुपारी गल्लीच्या समितीचे अध्यक्ष दुकानात आले. सोबत मोबाइलवर चॅनल चालवणारा एक माइकवाला आणि मागे आठ-दहा रिकामटेकडे. शेजारच्या देशात धर्माच्या नावाने राज्य बळकावलेल्यांबद्दल जनतेचं मत घ्यायचं आहे, असं म्हणाले. समोरचा औषधवाला मत देऊन मोकळा झाला होता, ‘सगळ्यांना उडवून टाका.’ याच औषधवाल्याने काल मला डोकेदुखीवर पोटाची गोळी दिली.

मग माइक माझ्यापुढे आला. मी म्हणाले, ‘पोरींच्या शाळा बंद करतात, बायकांना घरात कोंडतात, ते कसले धर्माचे? मेले हलकट.’ टाळ्या पडल्या. माइकवाला म्हणाला, ‘वा मावशी, अजून बोला.’ मी अजून बोलले. ‘गेल्या महिन्यात हेच अध्यक्ष येऊन मला म्हणाले, काचेतल्या बाहुलीच्या बाह्या लांब कर, धर्मात बसत नाही. यांचं काय करायचं?’ टाळ्या थांबल्या. अध्यक्ष म्हणाले, ‘मावशी, गोष्ट तिकडची चालली आहे, इकडे कशाला आणता?’ मी म्हणाले, ‘मी कुठे आणली? तुम्हीच आणलीत, पायी चालत.’

यानंतर अध्यक्षांनी मास्तरांना गाठलं. ‘तू तिकडचा ना? मग माइकमध्ये म्हण, आमचे राज्यकर्ते सैतान आहेत. म्हण आणि सूट.’ मास्तर कापड कापत राहिले. ते का बोलले नाहीत, असं साहेबांनी मला दोनदा विचारलं. त्यांची मुलगी तिकडे आहे. मोबाइलवरचं तिकडेही दिसतं. मुलगी कुठल्या गावात आहे ते मी सांगणार नाही, पुन्हा विचारू नका.

तेवढ्यात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई मापाला आल्या. मास्तर सवयीने भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आमच्याकडे कामाची हीच रीत आहे. टेप मी लावते, आकडे मी ओरडते, ते पाठमोरे राहून फळीवर खडूने लिहितात. सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. अध्यक्षांना माहीत नाही, कारण त्यांच्या घरातल्या बायका त्यांना न सांगता माझ्याकडे येतात.

अध्यक्ष ओरडले, ‘घे, हे घे कॅमेऱ्यात! बाईकडे बघणंसुद्धा पाप समजतो. हा त्यांच्यातलाच!’

खरं काय ते लिहा. तिकडे मास्तरांचं स्वतःचं दुकान होतं. बायकांची मापं घेतात म्हणून त्या लोकांनी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं दुकानाच्या दारात चेचली. पुढच्या वेळी हात, असं सांगून गेले. तेव्हापासून ते कात्री डाव्या हाताने चालवतात आणि बाई मापाला उभी राहिली की वळतात. माझ्याकडे आले त्या पहिल्या दिवशीही वळले. मी म्हणाले, ‘मास्तर, एवढी का वाईट दिसते मी?’ ते म्हणाले, ‘ताई, दाराकडे जरा लक्ष ठेवा.’ मी ठेवत आले. आज हे लोक दारातूनच आले.

पाठमोऱ्या माणसाची कॉलर मागून ओढली. ओढणारा त्या आठ-दहांतला जिमवाला. ‘अनोळखी इसम’ लिहू नका, त्याच्या बायकोचे सगळे कपडे मी शिवते. मशीन आडवं केलं. शाळेच्या बाईंना धक्का दिला. माझ्या हातात इस्त्री होती. ती गरम होती. ती घेऊन मी मध्ये उभी राहिले. कोणाला लावली नाही. लावायचा विचार होता का, असं विचारल्यावरून सांगते की, होता.

मास्तरांनी तिकडच्यांच्या नावाने घोषणा दिली, अशी अध्यक्षांची तक्रार आहे. ती खोटी आहे. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, ‘ताई, बाईंना आत घ्या.’ मग तुमची गाडी आली. ज्याची कॉलर फाटली त्याला गाडीत घातलं. फाडणारा स्कूटरवरून घरी गेला.

साहेब मला म्हणाले, ‘मावशी, परदेशी माणूस आहे, वरून विचारणा होईल, परत पाठवतील. तुम्ही कशाला मध्ये पडता? गोंधळात काही ऐकू आलं नाही असं सांगा आणि घरी जा.’ मला सगळं ऐकू आलं. त्यांना परत पाठवायचं म्हणजे उरलेला हातही त्या लोकांना चेचायला द्यायचा. तसा कागद ज्याला करायचा असेल त्याने हा जबाब आधी त्याला जोडावा. शाळेच्या बाई बाहेर बसल्या आहेत, त्यांचाही घ्या.

जबाब हवालदारांनी वाचून दाखवला. भरभर वाचला म्हणून मी पुन्हा वाचायला लावला. शेवटी ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असं आपोआप आलं होतं, ते खोडलं आहे आणि तिथे माझी सही आहे. बाकी मी बोलले तसंच आहे. मास्तर आतल्या खोलीत आहेत. त्यांना घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही, इथेच बाकावर बसणार. उठवायला कोणी आलं तर त्याने दुसऱ्या जबाबाचे कागद सोबत आणावेत.