पाटील मेला तरी उजेड

बिनवायरच्या लायटिंगचा विषय निघालाच आहे, तर माझं ऐका. आमच्या गोरेगाव या खेड्यातल्या नाटकाला मी ती पहिल्यांदाच लावली होती. मोबाइलवर बोट फिरवलं की स्टेजमागच्या बॅटरीच्या डबीला हुकूम जायचा आणि डबी बिनवायरनंच सगळे दिवे चालू-बंद करायची. दुपारी सगळं बराबर चाललं. आयुष्यभर स्टेजच्या वायरी ओढलेले दिगांबरमामा नुसते बघत होते.

संध्याकाळी पहिल्या अंकाच्या शेवटी नाटकातला पाटील मेला. अंधार झाला की त्यानं उठून आत जायचं होतं. मी बोट फिरवलं. उजेड तसाच. पुन्हा फिरवलं, तरी तसाच. पाटील पडल्या पडल्या एक डोळा उघडून माझ्याकडं बघायला लागला. शेवटी बिचारा उठला, धोतर झटकलं, लोकांना नमस्कार केला आणि आत गेला. नाटकातल्या सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

मी पळत स्टेजमागं गेलो. मामा शांतपणे तंबाखू मळत बसले होते.

"मामा, इथली डबी कुठंय?"

"सोयाबीनच्या मळणीची धूळ येऊन राहिली ना. माझ्या भाकरीच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, घट्ट झाकण लावून."

"अहो, बंद डब्यात तिला सिग्नल कसा पोचंल?"

मामांनी झाकण काढलं आणि अख्खं स्टेज अंधारलं. अंधारातून मामांचा आवाज आला, "वायर असती तर झाकण बसलंच नसतं."